आप्पांचा घाम

माल पास करायच्या दिवशी कर्त्या माणसानं पाणी प्यायचं नाही, हा नियम सोमलिंगआप्पांच्या वडलांनी घातलेला. पाणी पिऊन आलेला घाम पाण्याचा असतो, चादरीचा नसतो, असं म्हातारा म्हणायचा. म्हणून मे महिन्यातल्या त्या शनिवारी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेडचे पत्रे तापून कडाकड वाजत होते तरी आप्पा सकाळपासून कोरडे होते. कोरडे आणि खूश. लई दिवसांनी सगळं घर त्यांच्याकडे बघणार होतं.

परीक्षा साधी होती. नवीन चादरीचा नमुना निघाला की सगळ्या मागांवर घालायच्या आधी घरातल्या थोरल्यानं तो अंगावर घेऊन दिवाणावर पडायचं. उशाला उदबत्ती लावायची. उदबत्ती विझायच्या आत घाम आला तर माल पास. नाही आला तर नापास, आणि नापास माल गेटाबाहेर जायचा नाही. तो कारखान्यातच वापरायचा, मशिन पुसायला नाहीतर पोत्याखाली घालायला, पण सोलापूरची चादर म्हणून तो कुणाच्या अंगावर पडता कामा नये. या एका नियमावर म्हाताऱ्यानं दोन मागांचे चाळीस माग केले. तो गेला आणि दिवाण आप्पांकडे आला. पोरांनी हळूहळू बाकीचं सगळं काढून घेतलं. बँकेची सही गुरुशांतकडे गेली, सूत खरेदी अमरेशकडे. आप्पांकडे घाम राहिला.

आता अडचण अशी होती की सोलापुरात चादर अंगावर पडायच्या आधीच घाम यायला लागला होता. कैक वर्षांत आप्पांनी एक नग नापास केला नव्हता. परीक्षा पूर्वी दिवाळीनंतर व्हायची, तेव्हा खरी चुरस असायची. आता दिवाळीतही बनियनवर बसायची पाळी. काय पण अंगावर टाका, पास. मध्ये एकदा त्यांच्या बायकोनं, चंद्रव्वानं, चुकून त्यांच्या अंगावर जेवणाच्या टेबलाचं प्लास्टिक टाकलं होतं, ते पण पास झालं.

आणि थंडीच येईना म्हणल्यावर चादर घेणार कोण? गोडाऊन छतापर्यंत भरलं. उन्हाळ्यात शेडमध्ये हवा इतकी कोरडी व्हायची की मागावरचं सूत कटाकट तुटायचं. एक धागा जोडेपर्यंत दुसरा गेलेला. मागच्या मे महिन्यात ईश्वर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा घरचाच माणूस, चक्कर येऊन पडला आणि शेड दुपारची बंद ठेवायला लागली.

त्यात बेंगळुरूच्या एका हॉटेलवाल्या कंपनीनं विचारलं होतं, तापमान असंच वाढत गेलं तर तुमचा कारखाना काय करणार, ते कळवा, मगच ऑर्डरचं बोलू. घरात बैठक बसली. आप्पा म्हणाले, पंखा लावणार. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

गुरुशांतचं उत्तर तयार होतं. थोरला पोरगा, डोकं कायम पुढच्या वर्षात. त्याचं म्हणणं, बाहेर ऊन वाढत जाणार, तर आपण थंडी विकायची. माग भंगारात काढायचे, शेडचं कोल्ड स्टोरेज करायचं, डाळिंबवाले रांग लावतील. गोडाऊनमधला सगळा माल हैदराबादच्या व्यापाऱ्याला त्यानं देऊनही टाकला होता. त्याचा टेम्पो आज संध्याकाळी भरायचा होता, गठ्ठे बांधून शेडच्या दारात रचले होते.

अमरेशचं उत्तर बायकोनं तयार केलेलं. धाकटी सून वैजयंती श्रीपूरची, बाप साखर कारखान्यात कामाला. तिनं एक पातळ चादर विणून घेतली होती, उन्हाळ्यात अंगावर घ्यायची. हॉटेलात लोक एसी लावून झोपतात, त्यांना असलीच लागते, म्हणाली. ती चादर आज पास झाली तर माग राहणार. नापास झाली तर शेड डाळिंबाला. असं ठरलं होतं, आणि दोन्ही भाऊ आईच्या पायाची शपथ घेऊन बसले होते.

आईचं मात्र एका बाजूला ठरत नव्हतं. चंद्रव्वा चार दिवसांपूर्वीपर्यंत अमरेशकडून होती. मग गुरुशांतनं तिच्या देवघरात एसी बसवून दिला. देव गार झाले आणि अव्वा पण.

आप्पांना या दोन्हीतलं काही कळत नव्हतं असं नाही. त्यांना एवढंच कळत होतं की डाळिंबाला कुणी दिवाणावर झोपवून पास करत नाही. शेड गेली की त्यांनी घरी बसायचं. टीव्हीसमोर घाम आला काय आणि नाही आला काय, कोण बघतंय?

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर दिवाण शेडच्या मधोमध मांडला. आजूबाजूला माग चालू. आप्पांनी सदरा काढला, गळ्यातलं इष्टलिंग सरळ केलं आणि चौघांकडे बघून दिवाणाच्या काठावर बसले. आता आडवं व्हायचं, तेवढ्यात गुरुशांतनं हात वर केला.

"थांबा. ही चादर उन्हाळ्याची हाय. उन्हाळ्याच्या चादरीत घाम आला तर ती पास कशी होईल? उलटं धरायला पाहिजे. घाम आला तर नापास."

आप्पांच्या कपाळावर तोवर दोन थेंब आलेच होते. सगळ्यांनी ते पाहिले.

अमरेश पुढं आला. आज्जाचा नियम हाय म्हणाला, घाम आला की पास, आज्जाच्या नियमाला हात लावायचा नाही. हाच अमरेश गेली दहा वर्षं या परीक्षेला येडेपणा म्हणत होता. आणि जो गुरुशांत प्रत्येक परीक्षेला मोबाईलवर फोटो काढून 'आमची परंपरा' म्हणून टाकायचा, तो आता नियम मोडायला निघालेला. आप्पांना वाटलं, पोरं कपडे बदलून आल्यात का काय.

दोघांची चांगलीच जुंपली. घाम चादरीचा का उन्हाचा, हे कसं ओळखायचं, असं गुरुशांतनं विचारलं. अमरेश म्हणाला, चादरीचा घाम छातीवर येतो आणि उन्हाचा टाळक्यावर. मग बनियनच्या खाली येतो तो कुणाचा, असा प्रश्न निघाला. तो दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला. वैजयंतीनं मधे एकदा सांगून बघितलं की मामांना अगोदर गार जागेत तरी न्या, पण गार जागेतला घाम धरायचा का नाही यावर दोघं परत सुरू झाले.

शेवटी अमरेशनं विचारलं, "आप्पा, तुमीच सांगा. घाम आला तर काय धरायचं?"

"टॉवेल धरायचा," आप्पा म्हणाले.

चंद्रव्वानं पदरानं नवऱ्याचं कपाळ, मान, छाती पुसून घेतली. उन्हाचा होता तेवढा गेला, म्हणाली, आता येईल तो चादरीचा. हे दोघांनाही पटलं. पास-नापासचं नंतर बघू, आधी झोपवा, असं ठरलं. घाम येणार यात कुणालाच शंका नव्हती.

आप्पा आडवे झाले. वैजयंतीनं पातळ चादर अंगावर टाकली. उदबत्ती लागली.

पडल्या पडल्या आप्पांनी डोळे मिटले आणि घामाची वाट बघायला लागले. एरवी तो बोलावल्यासारखा यायचा. आधी मिशीखाली, मग कानामागं, मग छातीवरून ओघळ. आज मिशीखाली काहीच नाही. म्हणलं, येईल. पत्र्याचा ताप तोंडावर पडत होता. माग खडखड करत होते, मधेच एखादा बंद पडायचा, कारागीर धागा जोडायचा, परत चालू. आप्पांना आवाजावरून कळायचं कुठला माग थांबला. दाराजवळचा थांबला. मग मधला. मग परत दाराजवळचा.

घाम येईना.

आप्पांना लाज वाटायला लागली. सगळं घर उभं आहे आणि आपलं हे असं. त्यांनी जोर लावला. ज्या गोष्टींनी त्यांना आयुष्यात घाम फुटला होता त्या एकेक करून आठवल्या. लग्नात सासऱ्यानं सगळ्यांसमोर शरणांचं कानडी वचन म्हणायला लावलेलं आणि ते विसरलेले. इन्कम टॅक्सचा माणूस चहा प्यायला म्हणून आला आणि जेवायलाच बसला तो दिवस. गुरुशांतचा दहावीचा निकाल. गुरुशांतच्या निकालावर तर हमखास यायचा. नाही आला. अंग कडक भाकरीसारखं झालेलं, टिचकी मारली तर वाजेल. डोक्यात मात्र कुणीतरी माग चालू केल्यासारखं होत होतं.

उदबत्तीची राख पडली. दोघं भाऊ वाकले. अमरेशनं कपाळाला बोट लावलं, गुरुशांतनं छातीला. दोघांनी बोटं बघितली. कोरडी.

मग गुरुशांत सरळ उभा राहिला आणि म्हणाला, आज्जाचा नियम म्हणजे नियम. घाम नाही, माल नापास. नियमाला हात लावायचा नाही.

"आता काळ बदललाय, दादा," अमरेश म्हणाला. "तूच म्हणलास की. उन्हाळ्याची चादर हाय, घाम आला न्हाय, म्हणजे पास."

"मी म्हणलो तेव्हा तू ऐकलास का?"

"आता ऐकलो."

तेवढ्या वेळात दोघांनी जागासुद्धा बदलली होती. गुरुशांत दिवाणाच्या डाव्या बाजूला आला होता आणि अमरेश उजव्या. एकानं दुसऱ्याचं म्हणणं इतकं चांगलं मांडलं की चंद्रव्वाला आपण आता कुणाकडून हे कळेना. तिनं थोरल्याकडं बघून मान हलवली, मग धाकट्याकडं बघून हलवली.

आप्पांना हे सगळं लांबून ऐकू येत होतं, विहिरीच्या वरून कुणी बोलल्यासारखं. त्यांना त्यांचे वडील दिसत होते, जुन्या हातमागाच्या खोलीत, उघडे, हातात लोटा. चैत्र लागला की म्हातारा जमिनीवर पाणी शिंपडायचा, भिंतीला ओली पोती लावायचा. सूत माणसासारखं असतं, कोरडं पडलं की तुटतं, असं कानडीत काहीतरी म्हणायचा.

"नीर हाक," आप्पा म्हणाले.

गुरुशांत भांडता भांडता थांबला. घरात कानडी आता देवापुढं नाहीतर शिव्या द्यायलाच निघायची. "काय म्हणाले?"

"पाणी टाक म्हणाले," चंद्रव्वा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुणाला म्हणालाव, अवो? हितं कोण हाय?"

वैजयंतीनं दीर आणि नवरा या दोघांच्या मधून हात घालून सासऱ्याच्या मानेला लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. श्रीपूरला कारखान्याच्या गेटवर एक ऊसतोड्या असाच पडलेला तिनं लहानपणी पाहिला होता. कोरडा, लालबुंद, आणि मेलेल्या बायकोशी गप्पा मारणारा.

"मामांना घाम येत न्हाय ते चादरीमुळं न्हाय," ती म्हणाली. "ऊन लागलंय. उचला."

मग जे झालं ते आप्पांना तुकड्यातुकड्यांनीच कळलं. ईश्वरनं आणि अमरेशनं दिवाणासकट उचललं, कोपऱ्यातल्या खिडकीजवळ नेलं, कारण शेजारीच रंगखात्याची टाकी होती. पाणी पाच दिवसाआड येतं, टाकीत होतं ते सुताच्या शेवटच्या धुण्याचं, फिकट गुलाबी, गटारात सोडायचं राहिलेलं. अंगावर टाकायला काहीतरी जाड पाहिजे होतं. पातळ चादर पाणी धरेना. वैजयंतीनं दारातला गठ्ठा फोडला.

"अगं, तो विकलेला माल हाय," गुरुशांत ओरडला.

चंद्रव्वानं स्वतःच दुसरा गठ्ठा फोडला.

हिवाळ्याची चादर ती, भरदार, बादलीभर पाणी पिणारी. एक आप्पांच्या अंगाखाली, एक अंगावर. खिडकीतून झळा सरळ तोंडावर येत होत्या म्हणून आणखी एक भिजवून खिडकीला टांगली. ईश्वर पंखा घेऊन आला. अमरेश डॉक्टरांना आणायला गेला, आणि गुरुशांत, नवीन इस्त्रीच्या शर्टवर, बापाच्या डोक्यावर मगानं गुलाबी पाणी ओतत राहिला. "आप्पा, बोला की," तो सारखं म्हणत होता. "काय पण बोला. शिव्या घाला."

डॉक्टर आले. दवाखान्यात न्यायचं म्हणाले, मग तपासून म्हणाले, ताप उतरतोय, अजून जरा बघू, आणि तिथंच मागाला दोरी बांधून सलाईनची बाटली लटकवली. हा माणूस कसा काय एवढा तापला म्हणून विचारलं. चंद्रव्वानं सगळं सरळ सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा ऐकलं. मग ते म्हणाले, पुन्हा यांना पाणी न देता झोपवलं तर मी तुम्हा सगळ्यांना पोलिसात देईन, घामासकट.

आप्पांनी डोळे उघडले तेव्हा ऊन कललं होतं. बाहेर टेम्पो आल्याचा हॉर्न वाजत होता. घरचे चौघं दिवाणाभोवती गुलाबी होऊन बसले होते. पण आप्पांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते ऐकत होते.

दाराजवळचा माग थांबला. चालू झाला. मधला थांबला. चालू झाला. परत दाराजवळचा. आणि डोक्याशेजारचा, या खिडकीजवळचा माग मघापासून चाललाच होता. खट खट खट, एका लयीत, थांबायचं नाव नाही. ओल्या चादरीतून गार वारा येत होता आणि मागावरचं सूत मऊ पडलेलं, एक धागा तुटत नव्हता. म्हातारा लोटा घेऊन काय करत होता ते आप्पांना आत्ता कळलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

आणि मे महिन्यात, सोलापुरात, भर शेडमध्ये आप्पांच्या अंगावर काटा आला.

"थंडी वाजतीय," ते म्हणाले.

चंद्रव्वा रडायलाच लागली. अमरेश हसला. गुरुशांतनं नाक पुसलं आणि उठला, टेम्पोवाल्याला थांबवतो म्हणाला, फुटलेले दोन गठ्ठे सोडून बाकीचा माल भरून घेतो.

"माल जायचा न्हाय," आप्पा म्हणाले.

"कशाला आप्पा?"

"नापास झालाय."

कुणाला काही कळेना. आप्पांनी अंगावरच्या जाड चादरीची कड चिमटीत धरली. "ही अंगावर घेतली आणि मला थंडी वाजली. घाम न्हाय, काय न्हाय. मग काय धरायचं?"

"ती भिजवलीय, आप्पा. थंडी वाजणारच की."

"आज्जानं कोरडी का ओली सांगितलं नव्हतं."

"बरं, एवढा एक नग नापास धरा."

"लॉट एकच हाय," आप्पा म्हणाले. "लॉट नापास. सगळं गोडाऊन. नापास माल गेटाबाहेर जात न्हाय, कारखान्यातच वापरायचा. खिडक्या मोज, लागतील तेवढ्या टांग, भिजव. उरल्या तर पत्र्यावर टाक."

गुरुशांतनं तोंड उघडलं. पण दुपारी त्यानंच सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आज्जाचा नियम म्हणजे नियम. त्यानं अमरेशकडं बघितलं. अमरेशनं खांदे उडवले, म्हणाला मी तर काळ बदललाय म्हणत होतो. मग त्यानं आईकडं बघितलं. चंद्रव्वा म्हणाली, एसी पाहिजे तर काढून ने बाबा. देवाला सर्दीच व्हायला लागली होती.

टेम्पो मोकळा गेला. व्यापारी फोनवर जे बोलला ते गुरुशांतनं घरात कुणाला सांगितलं नाही.

"आणि माझी पातळ चादर, मामा?" वैजयंतीनं विचारलं. "पास का नापास?"

"तिचं मला काय माहीत. मी शुद्धीत कुठं होतो." आप्पांनी तिच्याकडं बघितलं. "तिची परीक्षा तूच घे. तूच झोप. पाणी पिऊन."

गुरुशांत दोन दिवस शेडकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्यात आला, प्रत्येक खिडकीला टांगलेल्या, गुलाबी पाणी गाळणाऱ्या हिवाळी चादरी बघितल्या, मधल्या मागापाशी उभा राहून बराच वेळ ऐकलं. मग कुणाला न विचारता रंगखात्याच्या टाकीपासून खिडक्यांवरून पाईप फिरवला, भोकं पाडली, पंप बसवला. संध्याकाळी बेंगळुरूच्या कंपनीला कळवून टाकलं की आमच्या कारखान्यानं वाढत्या तापमानासाठी सांडपाण्याच्या पुनर्वापरावर चालणारी, वस्त्राधारित शीतकरण पद्धत विकसित केली आहे. अमरेशनं ते वाचलं आणि म्हणाला, हे आपलंच चाललंय का? कोल्ड स्टोरेजचं नाव गुरुशांतनं परत काढलं नाही. नाही म्हणायला एकदा म्हणाला, शेड झालीच की गार, आता डाळिंब काय आत ठेवता येईल कोपऱ्यात.

एक अडचण राहिली. पंप सारखा चालवला तर पाणी पुरेना, कमी चालवला तर चादरी वाळून सूत तुटायला लागे. किती वेळानं चालवायचा? गुरुशांत म्हणाला, सेन्सर मागवू. अमरेशनं भिंतीला थर्मामीटर लावला, तो पहिल्याच दुपारी टोकाला जाऊन बसला आणि उतरला नाही.

तेव्हापासून आप्पा जेवण झालं की शेडमध्ये येतात. मधल्या मागाशेजारी त्यांची खुर्ची आहे, खुर्चीशेजारी पाण्याचा तांब्या. चंद्रव्वा सकाळी भरून देते आणि संध्याकाळी उलटा करून बघते. अंगावर सदरा नाही, चादर नाही. ते नुसते बसतात. ईश्वर पंपाच्या बटनापाशी उभा असतो आणि घड्याळाकडं बघत नाही, मालकाच्या मिशीकडं बघतो.

दुपार चढली की मिशीखाली काहीतरी चमकायला लागतं.

"मालक, सोडू का पाणी?"

आप्पा घाई करत नाहीत. बोट मिशीखाली फिरवतात, अंगठ्यावर घासून बघतात, सूत बघावं तसं. तांब्यातलं दोन घोट पितात. चाळीस माग चालू असतात आणि त्यांच्या होकाराची वाट बघत असतात.

"आलाय," ते म्हणतात. "सोड."